नेट नसलेल्या सर्व्हरवर ॲन्सिबल ऑटोमेशन प्लॅटफॉर्म कसं बसवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: रेड हॅटच्या लिनक्सचा, म्हणजे आरएचईएल ९ चा सर्व्हर बंद नेटवर्कमध्ये आहे, बाहेरचं इंटरनेट त्याला अजिबात नाही. रेड हॅटच्या पोर्टलवरून ॲन्सिबल ऑटोमेशन प्लॅटफॉर्मचा (अनेक सर्व्हरवरची कामं आपोआप करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा) इन्स्टॉलर दुसऱ्या मशीनवर उतरवला, पेनड्राइव्हवरून आत नेला, सेटअप स्क्रिप्ट चालवली. पॅकेजेस बसवण्याच्या टप्प्यावर ‘रेपोचा मेटाडेटा उतरवता आला नाही’ (रेपो म्हणजे पॅकेजेसचा साठा, मेटाडेटा म्हणजे त्याची सूची) अशी एरर आली आणि सगळं थांबलं. वरिष्ठ म्हणतात, सुरक्षा विभागाला सांगून तासाभरासाठी नेट उघडून घेऊ. दुसरा मार्ग आहे का, आणि पुढे कलेक्शन्स (ॲन्सिबलला जोडायचे तयार गठ्ठे), पायथन लायब्ररी वगैरे आत कशा न्यायच्या?

मार्ग आहे. तासभर नेट उघडण्याचा विचार मात्र आधी बाजूला ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुरक्षेचा मुद्दा तर उघडच आहे, पण माझी खरी अडचण वेगळी आहे. त्या एका तासात सर्व्हर बाहेरून काय काय ओढून घेईल याची यादी तुमच्या हातात राहत नाही. इन्स्टॉलेशन पार पडतं, सगळे खूश होतात, आणि तीन महिन्यांनी अपग्रेडची वेळ आली किंवा डिस्क गेली की तोच सर्व्हर पुन्हा कसा उभा करायचा हे कुणालाच सांगता येत नाही. पुन्हा तासभर नेट मागावं लागतं. बंद नेटवर्कमध्ये खरं काम सॉफ्टवेअर बसवण्याचं नसतं. बाहेरचा माल तपासून, मोजून, पुन्हा पुन्हा आत नेता येईल अशी वाट तयार करण्याचं असतं. ती वाट एकदा नीट झाली की इन्स्टॉलेशन हा तिच्यावरून झालेला पहिला फेरा, एवढंच.

आता तुमच्या एररकडे येतो. हिची दोन कारणं असू शकतात आणि बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात.

पहिलं कारण म्हणजे चुकीची फाइल. पोर्टलवर इन्स्टॉलर दोन प्रकारचा मिळतो. एक अगदी लहान असतो, त्यात फक्त बसवण्याची प्लेबुक्स (ॲन्सिबलने करायच्या कामांच्या फाइल्स) असतात आणि बाकी सगळं तो नेटवरून आणतो. दुसऱ्याच्या नावात ‘बंडल’ हा शब्द असतो, आकार कित्येक जीबी असतो आणि प्लॅटफॉर्मची पॅकेजेस किंवा कंटेनर इमेजेस (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेले गठ्ठे) त्यातच भरलेल्या असतात. तुम्हाला बंडलच हवं. ते तुमच्या प्रोसेसरच्या प्रकाराचं आणि आरएचईएलच्या मुख्य आवृत्तीचं आहे ना हेही बघा. ८ चं बंडल ९ वर चालवून बघणारे लोक मी पाहिले आहेत. नव्याने सुरुवात करत असाल तर कंटेनरवाला इन्स्टॉलर घ्या. २.४ आवृत्तीत तो फक्त चाचणीपुरता होता, २०२४ मध्ये आलेल्या २.५ पासून त्याला पूर्ण सपोर्ट आहे आणि उत्पादनाची पुढची दिशाही तीच आहे. त्यात एक गोष्ट हमखास सुटते. बंडल घेतलं म्हणजे इन्स्टॉलर आपोआप बंडलमधून बसवेल असं होत नाही. इन्व्हेंटरी फाइलमध्ये (कुठे काय बसवायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये) बंडलने बसवायचं आहे हे सांगणारं एक आणि बंडलचं फोल्डर कुठे आहे हे सांगणारं दुसरं, अशी दोन व्हेरिएबल्स भरावी लागतात. ती राहिली तर इन्स्टॉलर रेड हॅटच्या रजिस्ट्रीकडे इमेजेस मागायला जातो आणि तिथेच अडकतो.

दुसरं कारण अधिक फसवं आहे. बंडलमध्ये ‘सगळं’ असतं असं आपण समजतो, पण त्यात प्लॅटफॉर्मचं सगळं असतं, ऑपरेटिंग सिस्टिमचं नसतं. पॉडमन (कंटेनर चालवणारं साधन), ॲन्सिबल-कोर (ॲन्सिबलचा गाभा) आणि त्यांना लागणारी कितीतरी लहानमोठी पॅकेजेस आरएचईएलच्या बेसओएस आणि ॲपस्ट्रीम या दोन रेपोंमधून यावी लागतात. तुमची एरर बघता इन्स्टॉलर हेच दोन रेपो शोधत होता, याबद्दल मला फारशी शंका नाही.

हे दोन रेपो आत आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आरएचईएलची पूर्ण डीव्हीडी आयएसओ. बूट करण्यापुरती लहान आयएसओ वेगळी असते, ती उपयोगाची नाही. पूर्ण आयएसओ सर्व्हरवर माउंट केली की तिच्यात बेसओएस आणि ॲपस्ट्रीम अशी दोन फोल्डर्स सरळ दिसतात. यम या पॅकेज मॅनेजरच्या रेपो फोल्डरमध्ये एक फाइल लिहून दोन नोंदी करा, प्रत्येकीचा पत्ता त्या फोल्डरकडे वळवा आणि बाकीचे रेपो बंद करा. बंद करणं महत्त्वाचं आहे, कारण एकही पोहोचता न येणारा रेपो चालू राहिला तर डीएनएफ (पॅकेजेस बसवणारी कमांड) प्रत्येक वेळी त्याची वाट बघत बसतं. सबस्क्रिप्शन मॅनेजरचं प्लगइनही त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये बंद करा. माउंटची नोंद एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) ठेवा. नाहीतर सर्व्हर रीबूट झाला की रेपो गायब होतो आणि ती एरर वाचून माणूस भलतीकडेच शोधत राहतो. सही तपासण्याचा पर्याय मात्र चालूच ठेवा. घाईत लोक जीपीजी तपासणी शून्य करून टाकतात. त्याची काही गरज नसते, कारण रेड हॅटची सार्वजनिक किल्ली आरएचईएलबरोबर सर्व्हरवर आधीच आलेली असते. रेपोच्या नोंदीत तिचा मार्ग लिहिला की झालं. ज्या नेटवर्कला इतकं जपून वेगळं ठेवलंय, त्याच्या आत सही न तपासलेलं पॅकेज शिरू देणं मला पटत नाही.

डीव्हीडीची मर्यादा लगेच कळते. सर्व्हरवर आधीच पॅचेस लागलेले असतील तर त्यावरची पॅकेजेस डीव्हीडीवरच्या पॅकेजेसपेक्षा नवी असतात. एकाच सोर्समधून तयार होणारी भावंडं पॅकेजेस एकमेकांची अगदी नेमकी तीच आवृत्ती मागतात. जी-लिब-सी नवं आणि त्याचं डेव्हल पॅकेज डीव्हीडीवरचं जुनं, अशी जोडी जमत नाही आणि डीएनएफ नकार देतं. अशा वेळी बाहेरच्या, नोंदणीकृत आरएचईएल मशीनवर रेपोसिंकने (अख्खा रेपो उतरवणाऱ्या कमांडने) दोन्ही रेपोंची पूर्ण प्रत घ्यायची आणि ती आत न्यायची. आत आणखी बरेच सर्व्हर असतील तर रेड हॅट सॅटेलाइट याच कामासाठी आहे. पाच-सहा सर्व्हरपर्यंत रेपोसिंक आणि एक साधा वेब सर्व्हर पुरतो, असा माझा अनुभव आहे.

रेपोसिंक करताना मेटाडेटाही उतरवण्याचा पर्याय द्याच. तो दिला नाही तर फक्त आरपीएम फाइल्स येतात, मग लोक क्रिएटरेपो चालवून नवा मेटाडेटा बनवतात. त्या नव्या मेटाडेटात मॉड्यूलची माहिती नसते. आरएचईएल ८ आणि ९ मध्ये काही पॅकेजेस मॉड्यूलच्या (ठरावीक आवृत्तीच्या पॅकेजेसच्या गटाच्या) रूपात येतात, आणि ती माहिती नसेल तर डीएनएफ अशी पॅकेजेस बसवायला तयार होत नाही. फोल्डरमध्ये फाइल डोळ्यांना दिसते आहे आणि डीएनएफ मात्र ‘मॉड्यूलचा मेटाडेटा उपलब्ध नाही’ म्हणतंय, हे ज्याने पहिल्यांदा पाहिलं असेल त्याला तो गोंधळ आठवेल.

अशीच एक चूक ‘डीएनएफ डाउनलोड’ची. एखादं पॅकेज त्याच्या अवलंबनांसह उतरवायला ‘रिझॉल्व्ह’ हा पर्याय देतात, आणि तो बरोबरच आहे. पण तो बाहेरच्या मशीनवर जी पॅकेजेस आधीच बसलेली आहेत ती उतरवत नाही. बाहेरचं मशीन वर्षभर वापरलेलं, आतला सर्व्हर कोरा. मग आत गेल्यावर नेमकी तीच पॅकेजेस कमी पडतात. जोडीला ‘ऑलडेप्स’ हा पर्याय दिला की सगळी येतात.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती सांगतो. आतल्या सर्व्हरला हात लावण्याआधी बाहेर त्याचं जुळं उभं करा. तीच आरएचईएलची आवृत्ती, तीच डिस्क विभागणी, तेच सुरक्षेचे नियम लावलेलं एक व्हर्च्युअल मशीन घ्या. त्याचा स्नॅपशॉट घ्या. मग त्याचा बाहेरचा रस्ता तोडा आणि आत जे जे करणार आहात ते सगळं, तुमच्या पहिल्या खऱ्या प्लेबुकपर्यंत, तिथे करून बघा. जिथे अडेल तिथे कमी पडलेली वस्तू सामानाच्या यादीत लिहा, स्नॅपशॉटवर परत या, पुन्हा पहिल्यापासून करा. एका दमात, काहीही जास्तीचं न आणता काम पूर्ण होईल त्या दिवशी तुमची यादी तयार झाली.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. एका बंद जागेत मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा सगळी तयारी माझ्या लॅपटॉपवर केली होती आणि लॅपटॉपला नेट होतं. इन्स्टॉलेशन व्यवस्थित झालं. मग विंडोज सर्व्हरवर चालणारं पहिलं जॉब लावलं तर विनआरएमची (विंडोजला दुरून आज्ञा देण्याच्या पद्धतीची) पायथन लायब्ररी इमेजमध्ये नव्हती. ती आणली, तर तिला लागणारी दुसरी नव्हती. तीही आणली, तर ती दुसऱ्याच पायथन आवृत्तीसाठी बनलेली निघाली. त्या जागी प्रत्येक पेनड्राइव्ह तपासणीसाठी द्यावा लागे आणि तो दुसऱ्या दिवशी परत मिळे. अर्ध्या तासाचं काम तीन दिवस चाललं, आणि त्या तीन दिवसांत माझ्याबरोबर आतल्या लोकांचाही खोळंबा झाला. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय नेट असलेल्या जगात खपून जाते, तिथे नाही.

जुळ्याचं नेट तोडायचं कसं, यालाही महत्त्व आहे. केबल काढू नका, डिफॉल्ट गेटवेही नुसता पुसू नका. गेटवे नसेल तर जोडणी क्षणात ‘मार्ग नाही’ म्हणून फसते आणि इन्स्टॉलर लगेच पुढे सरकतो किंवा लगेच थांबतो. प्रत्यक्ष बंद नेटवर्कमध्ये मध्ये फायरवॉल असते आणि ती बहुतेक वेळा पॅकेट गुपचूप टाकून देते, उत्तरच देत नाही. मग लिनक्स जोडणीसाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि नेहमीच्या सेटिंगला एका जोडणीचा नाद सोडायला त्याला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. असे दहा प्रयत्न झाले की इन्स्टॉलर अडकलाय असं वाटतं. म्हणून जुळ्यासमोरही पॅकेट टाकून देणारीच फायरवॉल ठेवा आणि तिचा लॉग चालू ठेवा. त्या लॉगमध्ये तुमच्या सर्व्हरने बाहेर कुठे कुठे जायचा प्रयत्न केला त्याचे पत्ते मिळतात. प्रत्येक पत्त्यापुढे एकच निर्णय लिहायचा: तिथली वस्तू आत न्यायची, की जे तिथे जातंय ते बंद करायचं. अख्ख्या कामात माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद हाच.

वाहतुकीबद्दल फार लिहीत नाही, पण तीन गोष्टी हव्यातच. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. बंडल आणि आयएसओ दोन्ही त्याहून मोठ्या असू शकतात, तेव्हा एक्सफॅट वापरा किंवा स्प्लिट कमांडने तुकडे करून आत कॅटने जोडा. दुसरं, टारची फाइल विंडोजवर उघडून त्यातलं फोल्डर कॉपी करू नका. फाइल्सचे हक्क आणि सिमलिंक हरवतात. अखंड न्या आणि लिनक्सवरच उघडा. तिसरं, एसएचए २५६ चेकसम बाहेर काढा, पोर्टलवर दिलेल्याशी ताडून बघा, आणि आत पोहोचल्यावर पुन्हा काढा. मधली अँटिव्हायरस तपासणी कधी कधी मोठ्या गठ्ठ्यातली एखादीच फाइल उचलून ठेवते. चेकसम न तपासता पुढे गेलात तर ते तुम्हाला इन्स्टॉलेशनच्या मध्यावर कळेल.

सर्व्हर स्वतः कसा आहे, हा पुढचा भाग. बंद नेटवर्कमधले सर्व्हर सहसा सुरक्षेच्या नियमावलीनुसार आवळलेले असतात आणि इथे जास्तीत जास्त वेळ जातो.

आधी क्षमता. सर्व घटक एकाच मशीनवर कंटेनरने बसवायचे तर ४ सीपीयू, १६ जीबी मेमरी आणि ६० जीबी डिस्क ही किमान गरज धरतात. पण बंडलने बसवताना हबमध्ये (प्लॅटफॉर्मच्या आतल्या साठ्यात) कलेक्शन्स आधीच भरून ठेवण्याचा पर्याय घेतलात तर ३२ जीबी मेमरी ठेवा, आणि नुसतं ते भरायलाच पाऊण तास किंवा जास्त लागू शकतो हे लक्षात असू द्या. त्या पाऊण तासात ‘अडकलं’ म्हणून कंट्रोल-सी मारू नका.

मग डिस्क विभागणी. जुन्या, आरपीएमवाल्या पद्धतीत डेटाबेस, हबचा साठा, सगळं व्हार (/var) या फोल्डरखाली जायचं. त्यामुळे अनुभवी लोक अजूनही व्हार मोठं आणि होम लहान ठेवतात. कंटेनरवाली पद्धत रूट नसलेल्या युजरच्या पॉडमनवर चालते आणि त्याच्या इमेजेस, व्हॉल्यूम्स सगळं त्या युजरच्या होममध्ये जमा होतं. होमला पाच जीबी दिलेले असतील तर इमेजेस लोड होतानाच जागा संपते. शिवाय नियमावलीनुसार होमवर ‘नोएक्झेक’ (तिथून प्रोग्राम चालू न देणारा पर्याय) लावलेलं असेल तर कंटेनर सुरूच होत नाहीत. टेम्प आणि व्हार-टेम्पवरचं नोएक्झेक इन्स्टॉलरला अडवतं. यावर माझा सल्ला असा, की प्लॅटफॉर्मच्या युजरसाठी वेगळा व्हॉल्यूम मागा, त्याचं होम तिथे ठेवा आणि तेवढ्या माउंटसाठी सुरक्षा विभागाकडून लेखी सूट घ्या. नियम चोरून सैल करू नका. पुढच्या तपासणीत तो आपोआप परत लागतो आणि चालू प्लॅटफॉर्म एका रात्रीत बंद पडतो.

युमास्क (नव्या फाइल्सचे हक्क ठरवणारी सेटिंग) बघा. आवळलेल्या सर्व्हरवर तो ००२७ किंवा ००७७ असतो. मग एका युजरने बसवलेल्या फाइल्स दुसऱ्या सर्व्हिसला वाचताच येत नाहीत आणि एरर मात्र भलतीच दिसते. इन्स्टॉलेशनच्या सेशनपुरता ००२२ ठेवा. एफए-पॉलिसी-डी (फक्त विश्वासातले प्रोग्राम चालू देणारी सेवा) चालू असेल तर तेही तपासा. एसईलिनक्स (लिनक्समधला सुरक्षेचा वाढीव थर) बंद करायची गरज नाही, आणि कुणी सुचवलं तरी करू नका.

युजर लोकल असू द्या. रूटशिवाय कंटेनर चालवायला सबयूआयडी आणि सबजीआयडी या फाइल्समध्ये त्या युजरच्या नावे आयडींचा पट्टा लागतो. लोकल युजर बनवताना तो आपोआप मिळतो, डिरेक्टरी सर्व्हरवरून येणाऱ्या युजरला मिळत नाही. होम एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) असेल तर तेही टाळा. आणि त्या युजरने सरळ एसएसएचने लॉगिन करा. रूटमधून ‘एसयू’ करून त्या युजरमध्ये शिरलात तर त्याचं युजर सेशन नीट तयार होत नाही आणि पॉडमन, सिस्टिमडी दोन्ही तक्रार करू लागतात.

नाव, वेळ आणि प्रमाणपत्र या तीन गोष्टी नेट असलेल्या जगात कुणीतरी आपल्यासाठी सांभाळत असतं. आत त्या तुमच्या.

नावाचं म्हणाल तर सर्व्हरला पूर्ण डोमेन नाव द्या आणि इन्व्हेंटरीत तेच वापरा. लोकलहोस्ट किंवा नुसता आयपी नको. रिझॉल्व्हच्या फाइलमध्ये पोहोचता न येणारा डीएनएस सर्व्हर राहिला असेल तर काढा. लिनक्स प्रत्येक डीएनएस सर्व्हरसाठी ५ सेकंद थांबतं आणि दोनदा प्रयत्न करतं. सुडोला सेकंदभराऐवजी दहा-वीस सेकंद लागतायत, एसएसएच लॉगिन रेंगाळतंय, जॉब उगाच हळू चालतायत, या सगळ्यांमागे कितीदा तरी हीच एक ओळ असते.

वेळेचं तसंच. आरएचईएलचं क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरकडे बघायला लावलेलं असतं. ते बदलून आतल्या टाइम सर्व्हरकडे वळवा आणि तो नसेल तर आधी तो मागून घ्या. घड्याळ मागे असेल तर नुकतंच बनवलेलं प्रमाणपत्र ‘अजून वैध नाही’ ठरतं, आणि प्लॅटफॉर्मचे घटक एकमेकांशी टीएलएसनेच बोलतात.

प्रमाणपत्र आतल्या सीएकडून (प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेकडून) घ्या आणि त्यात सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम (सर्व्हरची नावं लिहायचा रकाना) भरलेलं आहे ना ते उघडून बघा. जुन्या पद्धतीची, फक्त कॉमन नेम असलेली प्रमाणपत्रं पॉडमन नाकारतं, कारण पॉडमन गो भाषेत लिहिलेलं आहे आणि गोने २०२० मधल्या १.१५ आवृत्तीपासून कॉमन नेमवर विसंबणं सोडलं. अनेक संस्थांच्या अंतर्गत सीएचे साचे अजून त्याआधीचे असतात. यावर ‘टीएलएस तपासू नको’ असा पर्याय देऊन पुढे गेलात तर तो पर्याय पुढची कित्येक वर्षं प्रत्येक स्क्रिप्टमध्ये चिकटून राहतो. प्रमाणपत्र नव्याने मागा.

इन्स्टॉलेशन झालं की लॉगिन करताच प्लॅटफॉर्म सबस्क्रिप्शन मागतो. नेट नसल्यामुळे ऑनलाइन ओळख पटवण्याचा पर्याय उपयोगाचा नाही. पोर्टलवरून मॅनिफेस्टची (तुमच्या सबस्क्रिप्शनच्या नोंदीची) झिप फाइल आधीच काढून न्यावी लागते. ती झिप आहे तशीच न्यायची. काही ब्राउझर झिप उतरताच आपणहून उघडून टाकतात, मग लोक ते फोल्डर पुन्हा झिप करतात आणि ती फाइल स्वीकारली जात नाही. पहिल्या लॉगिननंतर ऑटोमेशन ॲनालिटिक्सला माहिती पाठवण्याचा पर्याय बंद करा. पाठवायला रस्ताच नाही, उगाच लॉगमध्ये एरर साठत जातात.

इथून पुढे प्रायव्हेट ऑटोमेशन हब हेच तुमचं केंद्र. बाहेरच्या मशीनवर ‘ॲन्सिबल-गॅलेक्सी कलेक्शन डाउनलोड’ चालवलं की मागितलेली कलेक्शन्स आणि त्यांना लागणारी इतर कलेक्शन्स टारच्या फाइल्स म्हणून उतरतात. आत हबमध्ये त्यांची नेमस्पेस आधी बनवावी लागते, मग अपलोड, मग मंजुरी. मंजुरीची पायरी विसरली तर कलेक्शन हबमध्ये असूनही प्रोजेक्टला सापडत नाही.

पण कलेक्शन म्हणजे तिच्या पायथन लायब्ररी नव्हेत. व्हीएमवेअरची कलेक्शन आणली तरी तिला लागणारी लायब्ररी तुमच्या एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंटच्या (जॉब ज्या कंटेनरमध्ये चालतं त्याच्या) इमेजमध्ये असावी लागते. ही इमेज आत बनवण्याचा हट्ट धरू नका. ॲन्सिबल-बिल्डरला (इमेज बनवणाऱ्या साधनाला) बेस इमेज लागते, पीप (पायथन लायब्ररी आणणारं साधन) लागतं, आरपीएम रेपो लागतात. एका इमेजसाठी तीन वेगवेगळे साठे आत सांभाळावे लागतील. बाहेर बनवा, ‘पॉडमन सेव्ह’ने एका फाइलमध्ये भरा, आत ‘पॉडमन लोड’ करा, हबच्या नावाने टॅग लावा आणि हबमध्ये पुश करा. टॅगमध्ये आवृत्ती किंवा तारीख असू द्या, ‘लेटेस्ट’ नको. सहा महिन्यांनी आत नेमकं कोणतं लेटेस्ट आहे हे सांगता येत नाही. कंट्रोलरमध्ये (जॉब चालवणाऱ्या घटकात) त्या इमेजचं पुल धोरण ‘नसेल तरच आण’ असं ठेवा.

तरीही पायथन लायब्ररी सुट्या न्यायची वेळ आलीच तर ‘पीप डाउनलोड’ करताना आतल्या पायथनची आवृत्ती आणि प्लॅटफॉर्म स्पष्ट सांगा आणि फक्त तयार व्हील फाइल्सच घ्या. माझ्या त्या तीन दिवसांतला तिसरा दिवस याच कारणाने गेला होता.

एक बारीक जागा अशी आहे की ती जुळ्यावरच्या सरावाशिवाय बहुतेकांना कळत नाही. गिटमधल्या प्रोजेक्टमध्ये कलेक्शन्सची रिक्वायरमेंट्स फाइल असेल तर कंट्रोलर प्रोजेक्ट सिंक करताना ती वाचून कलेक्शन्स आणायला निघतो, आणि ऑर्गनायझेशनला सुरुवातीला सार्वजनिक गॅलेक्सीचं क्रेडेन्शियल जोडलेलं असतं. सिंक बराच वेळ फिरत राहतं आणि मग फसतं. ऑर्गनायझेशनच्या सेटिंगमधून ते क्रेडेन्शियल काढून तुमच्या हबचं लावा. हबच्या प्रमाणपत्राचा सीए कंट्रोलरच्या विश्वासात आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

पुढच्या देखभालीसाठी दोन फोल्डर कायम जपा. एक बाहेर: ज्यात रेपोसिंकची प्रत, बंडल, इमेज बनवायच्या व्याख्या, उतरवलेल्या कलेक्शन्सची यादी आणि सगळ्यांचे चेकसम. ठरावीक दिवशी ते ताजं करा, जुळ्यावर चढवून बघा, मग आत न्या. दुसरं आत: ज्यात भरलेली इन्व्हेंटरी फाइल, सेटअपचे लॉग आणि बॅकअप. इन्व्हेंटरीत पासवर्ड असतात, म्हणून ते ॲन्सिबलच्या व्हॉल्टमध्ये (कूटबद्ध फाइलमध्ये) ठेवा. बॅकअप प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या बॅकअपनेच घ्या, नुसता डेटाबेसचा डंप पुरत नाही. क्रेडेन्शियल्स डेटाबेसमध्ये कूटबद्ध असतात आणि त्यांची गुप्त किल्ली डेटाबेसबाहेर असते. किल्ली हरवली की डेटाबेस सुखरूप असूनही त्यातला एकही पासवर्ड परत मिळत नाही. लॉग बाहेर नेण्याची परवानगी कशी आणि कुणाकडून घ्यायची हेही आधीच विचारून ठेवा. सपोर्टला केस टाकली की ते सॉसरिपोर्ट (सर्व्हरच्या लॉग आणि सेटिंगचा गठ्ठा) मागणारच.

आता तुमच्या अर्धवट राहिलेल्या सर्व्हरचं. तो पुसून टाकायची गरज नाही. सेटअप स्क्रिप्ट आतून ॲन्सिबलच आहे, झालेलं काम ओळखून पुन्हा चालवता येते. आधी डीव्हीडी आयएसओ माउंट करा, रेपो फाइल लिहा, डीएनएफचा जुना साठा पुसा आणि रेपोंची यादी मागा. यादीत फक्त दोन नावं दिसली पाहिजेत. मग ॲन्सिबल-कोर आणि पॉडमन हाताने बसवून बघा. ती विनातक्रार बसली तर रेपो ठीक आहेत; आवृत्त्यांवरून भांडण झालं तर डीव्हीडी सोडा आणि रेपोसिंककडे जा. त्यानंतर बंडल उघडा, कंटेनरवाला इन्स्टॉलर असेल तर इन्व्हेंटरीतली ती दोन व्हेरिएबल्स भरा, युमास्क आणि होमची जागा तपासा आणि इन्स्टॉलर पुन्हा चालवा. या वेळी टीमक्सच्या सेशनमध्ये चालवा, म्हणजे मध्येच तुमची एसएसएच जोडणी तुटली तरी तो चालू राहील. पुन्हा अडलंच तर लॉगमधली सर्वांत वरची, पहिली ‘फेल्ड’ ओळ शोधा. शेवटच्या ओळी बहुतेक वेळा तिचेच परिणाम असतात.